सुपरअलॉय गोठताना: ग्रेडियंट, गती आणि सूक्ष्मरचना यांचं गणित हाताळायचं कसं

निकेलच्या सुपरअलॉयची, म्हणजे उच्च तापमानात टिकणाऱ्या मिश्रधातूची, एकाच हीटमधून (एकाच वेळी वितळवलेल्या धातूतून) ओतलेली टर्बाइनची दोन पाती घ्या. रासायनिक तपासणीचा अहवाल एक, हीट ट्रीटमेंटही एक. तरी क्रीप चाचणीत (गरम धातू सततच्या ताणाखाली हळूहळू किती लांबतो ती चाचणी) एक पातं टिकतं आणि दुसरं लवकर हात टेकतं. अशा वेळी संशय सहसा हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर जातो. माझं म्हणणं असं की चौकशी त्याच्या बरीच आधी, धातू साच्यात गोठत होता तिथून सुरू करावी.

सीएमएसएक्स-४ हा निकेलचा सिंगल क्रिस्टल (अख्खं पातं एकाच स्फटिकाचं) मिश्रधातू साधारण १३८० अंश सेल्सिअसला गोठू लागतो आणि १३२० च्या आसपास बहुतेक घन झालेला असतो. सेकंदाला ०.२ अंश या दराने थंड होणाऱ्या साच्यात हे ६० अंश उतरायला पाच मिनिटं लागतात. लेझर पावडर-बेड छपाईत थंड होण्याचा दर सेकंदाला दहा लाख अंशांपर्यंत जातो, तेव्हा तोच प्रवास ६० मायक्रोसेकंदांत उरकतो. मूलद्रव्यांना कुठे जमायचं, डेंड्राइटना (गोठताना वाढणाऱ्या, झाडासारख्या फांद्या असलेल्या स्फटिकांना) किती जाड व्हायचं, पोकळ्या कुठे राहायच्या, हे सगळं त्या तेवढ्या वेळात ठरतं. पुढची हीट ट्रीटमेंट यातलं काही पुसते, पण सगळं नाही.

हा लेख ओतकामात किंवा धातुशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणं मुख्यतः निकेलच्या सुपरअलॉयची घेतली आहेत.

पायरी १: मिश्रधातूची कुंडली आधी मांडा

भट्टीला हात लावण्याआधी तीन गोष्टी कागदावर हव्यात: लिक्विडस तापमान (जिथे गोठणं सुरू होतं), सॉलिडस तापमान (जिथे ते संपतं) आणि प्रत्येक मूलद्रव्याचा विभाजन गुणांक.

पहिल्या दोन डीएससी किंवा डीटीए चाचणीतून (नमुना तापवत-थंड करत उष्णतेतले बदल टिपणारी चाचणी) मिळतात. इथे एक पथ्य पाळा. थंड होतानाच्या आलेखावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. नमुना लहान असतो आणि स्वच्छ क्रुसिबलमध्ये द्रव लिक्विडसच्या बराच खाली जाईपर्यंत गोठायला तयार होत नाही. तापवताना आणि थंड करताना, दोन्ही वेळचे आलेख घ्या, दर कमी ठेवा आणि मगच आकडा ठरवा.

विभाजन गुणांक म्हणजे घनातलं प्रमाण भागिले त्याच्याशी टेकलेल्या द्रवातलं प्रमाण. टंगस्टन आणि रेनियम यांचा गुणांक एकापेक्षा जास्त असतो, म्हणून ते आधी गोठणाऱ्या डेंड्राइटच्या गाभ्यात जाऊन बसतात. ॲल्युमिनियम, टायटॅनियम, टँटलम आणि नायोबियम यांचा एकापेक्षा कमी. ते द्रवात ढकलले जातात आणि डेंड्राइटच्या फांद्यांमधल्या जागेत साठतात. क्रोमियम आणि कोबाल्ट एकाच्या आसपास राहतात आणि फारसा त्रास देत नाहीत.

घनात विसरण (अणूंचं एका जागेहून दुसरीकडे सरकणं) होतच नाही आणि द्रव मात्र पूर्ण मिसळलेला आहे असं धरलं की शाइलचं समीकरण लागू होतं: घनातलं प्रमाण बरोबर गुणांक गुणिले मूळ प्रमाण गुणिले उरलेल्या द्रवाच्या अंशाचा (गुणांक वजा एक) हा घात. हे टोकाचं गृहीतक आहे हे खरं, पण रेनियमसारख्या सुस्त मूलद्रव्यासाठी ते वास्तवाच्या बरंच जवळ जातं. शेवटच्या थेंबांत ॲल्युमिनियम आणि टँटलम इतकं वाढतं की तिथे गॅमा आणि गॅमा प्राइम या निकेलच्या दोन फेजचं (वेगळ्या स्फटिकरचनेच्या घटकांचं) युटेक्टिक, म्हणजे शेवटी एकत्र गोठणारं मिश्रण, तयार होतं. मिश्रधातूत कार्बन असेल तर एमसी प्रकारची कार्बाइडंही (धातूचा एक अणू, कार्बनचा एक) फांद्यांमधल्या याच गल्ल्यांत सापडतात. इनकोनेल ७१८ या निकेलच्या मिश्रधातूत जवळपास ५ टक्के नायोबियम असतं. त्यातला बराच भाग असाच मागे रेंगाळतो आणि ठिसूळ लॅव्हस फेज बनवतो.

पायरी २: ग्रेडियंट आणि गती मोजा, अंदाज बांधू नका

सगळा खेळ दोन राशींचा आहे. गोठण्याच्या सीमेपाशी द्रवात दर मिलिमीटरला तापमान किती बदलतं तो ग्रेडियंट. ती सीमा किती वेगाने पुढे सरकते ती गती. सोयीसाठी ग्रेडियंटला जी आणि गतीला व्ही म्हणू.

भट्टीच्या पॅनेलवर दिसते ती साचा खाली ओढण्याची गती. ती म्हणजे व्ही नव्हे. सुरुवातीला चिल प्लेटजवळ (साच्याखालची थंड पट्टी) सीमा साच्यापेक्षा वेगाने पळते, पुढे दोन्ही जुळतात आणि पात्याच्या जाड, रुंद प्लॅटफॉर्मपाशी पुन्हा फाटतात. म्हणून साच्यात थर्मोकपल (तापमान मोजणारी तारांची जोडी) बसवा. या तापमानाला प्लॅटिनम-रोडियमचं बी टाइप घ्यावं आणि त्याला ॲल्युमिनाची बारीक नळी घालावी. उंचीनुसार निदान तीन तरी लावा, कारण ओतताना एखादं हमखास जातं.

आकडेमोड अगदी साधी आहे. समजा दोन थर्मोकपलमध्ये २० मिमी अंतर आहे. खालच्यावर लिक्विडस तापमान आल्यानंतर ३६० सेकंदांनी ते वरच्यावर आलं. गती झाली सेकंदाला ०.०५६ मिमी, म्हणजे मिनिटाला सुमारे ३.३ मिमी. वरच्या थर्मोकपलच्या आलेखाचा लिक्विडस ओलांडतानाचा उतार काढा. तो सेकंदाला ०.२ अंश आला, तर ग्रेडियंट बरोबर ०.२ भागिले ०.०५६, म्हणजे मिलिमीटरला ३.६ अंश. नेहमीच्या ब्रिजमन पद्धतीच्या (साचा गरम भागातून हळूहळू खाली ओढणाऱ्या) भट्टीत आकडे याच पट्ट्यात येतात.

उतार काढताना लिक्विडसच्या थोडं वरचाच भाग घ्या. खाली गुप्त उष्णता बाहेर पडू लागते, आलेख आडवा होतो आणि जी खऱ्यापेक्षा कमी दिसतो.

पायरी ३: जी भागिले व्ही आकार ठरवतं

सीमेपुढे द्रवात मूलद्रव्यं साठतात, त्यामुळे तिथलं लिक्विडस तापमान बदलतं. द्रवाचं खरं तापमान त्याच्या खाली गेलं की सपाट सीमा मोडते. १९५३ मध्ये टिलर, जॅक्सन, रटर आणि चाल्मर्स यांनी मांडलेली अट अशी: सीमा सपाट राहायला हवी असेल तर जी भागिले व्ही हे गोठण्याच्या तापमान-पट्ट्याला द्रवातल्या विसरण गुणांकाने भागून येणाऱ्या आकड्यापेक्षा मोठं हवं.

ढोबळ आकडे घेऊन बघू. पट्टा ५० अंशांचा धरा, विसरण गुणांक ३ गुणिले १० चा उणे ९ वा घात चौरस मीटर प्रति सेकंद, आणि ग्रेडियंट मिलिमीटरला ५ अंश. व्ही येतो सेकंदाला ०.३ मायक्रॉन, म्हणजे तासाला जेमतेम १ मिमी. १०० मिमीचं पातं गोठवायला चार दिवस लागतील आणि तेवढ्या वेळात साचा आणि धातू एकमेकांशी काय काय करतील ते वेगळंच. थोडक्यात, सुपरअलॉयच्या ओतकामात सपाट सीमेचा नाद सोडायचा. आपण कायम डेंड्राइटच्या राज्यात असतो.

जी भागिले व्ही मोठं असेल तर सपाट, कमी होत गेलं की आधी पेशीसारखी रचना, मग उष्णतेच्या दिशेने उभे वाढणारे स्तंभाकार डेंड्राइट आणि शेवटी सीमेपुढच्या द्रवात स्वतंत्र जन्मलेले, सगळीकडे सारखे वाढलेले ग्रेन (स्वतंत्र स्फटिक). स्तंभाकारातून समाकार ग्रेनकडे होणाऱ्या या बदलाचं गणित हंट यांनी १९८४ मध्ये मांडलं. त्यात जी आणि व्ही यांच्याबरोबर द्रवात केंद्रकं (नवे ग्रेन जिथून सुरू होतात ते बिंदू) किती आहेत हेही मोजावं लागतं. साध्या समाकार कास्टिंगमध्ये हेच उलटं वापरतात. साच्याच्या आतल्या पहिल्या लेपात कोबाल्ट ॲल्युमिनेट मिसळतात, त्यामुळे पृष्ठभागावर भरपूर केंद्रकं तयार होतात आणि ग्रेन बारीक येतात. सिंगल क्रिस्टलच्या साच्यात मात्र असं एकही फुकटचं केंद्रक नको असतं.

पायरी ४: जी गुणिले व्ही बारकावा ठरवतं

दोन्हींचा गुणाकार म्हणजे थंड होण्याचा दर. तो वाढला की रचना बारीक होते. दोन अंतरं लक्षात ठेवायची.

शेजारच्या दोन डेंड्राइटच्या खोडांमधलं अंतर, म्हणजे प्राथमिक अंतर, जीच्या उणे अर्ध्या घाताच्या आणि व्हीच्या उणे पाव घाताच्या प्रमाणात बदलतं. बाजूच्या फांद्यांमधलं दुय्यम अंतर स्थानिक गोठण्याच्या वेळेच्या एक-तृतीयांश घाताने वाढतं. म्हणजे गोठायला आठपट वेळ लागला तर दुय्यम अंतर दुप्पट.

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असं सूत्र पहिलं. समजा सध्या प्राथमिक अंतर ४०० मायक्रॉन आहे. गती दुप्पट केली तर ते ३३६ वर येतं. ग्रेडियंट दुप्पट केला तर २८३ वर. ग्रेडियंट चौपट केला तर २०० वर, आणि तेवढंच नुसत्या गतीने साधायचं म्हटलं तर गती सोळापट लागेल. तेवढ्या गतीला जी भागिले व्ही इतकं खाली येतं की नको तिथे नवे ग्रेन उगवतात.

अडचण अशी की भट्टीवर गतीचं बटण असतं, ग्रेडियंटचं नसतं. म्हणून प्रत्येक जण गतीचंच बटण फिरवतो. ग्रेडियंट वाढवायचा तर बॅफल (भट्टीचा गरम आणि थंड भाग वेगळे ठेवणारा आडवा पडदा) साच्याला घट्ट बसवावा लागतो, साच्याच्या भिंती पातळ कराव्या लागतात, हीटरचं तापमान वाढवावं लागतं किंवा थंड करण्याची पद्धतच बदलावी लागते. ही कामं किचकट आहेत आणि खरा फायदाही यांतच आहे.

पायरी ५: पद्धत निवडा

साध्या व्हॅक्यूम ओतकामात उष्णता सगळ्या बाजूंनी जाते आणि समाकार ग्रेन मिळतात. क्रीपमध्ये आडव्या ग्रेन बाउंड्री (दोन ग्रेनमधल्या सीमा) आधी फाटतात, म्हणून १९६० च्या दशकात प्रॅट अँड व्हिटनी या विमान-इंजिन कंपनीत फ्रँक व्हर्स्नायडर यांच्या चमूने एकाच दिशेने गोठवण्याची पद्धत विकसित केली. साचा चिल प्लेटवर ठेवायचा, गरम भागातून हळूहळू खाली ओढायचा आणि ताणाला आडव्या येणाऱ्या बाउंड्री काढून टाकायच्या. पुढे सर्पिल सिलेक्टर लावून एकच ग्रेन वर जाऊ देण्याची युक्ती आली आणि बाउंड्रीच संपल्या.

सिलेक्टरच्या खालच्या स्टार्टर ब्लॉकमध्ये आधी ग्रेनची चुरस चालते. ज्यांची ००१ दिशा (स्फटिकाच्या घनाकृती एककाच्या कडेची) उष्णतेच्या दिशेशी जुळते ते पुढे निघतात, तिरके ग्रेन मागे पडून दाबले जातात. म्हणून ब्लॉकची उंची ३० मिमीच्या आसपास ठेवतात. तिथे काटकसर केली तर सर्पिलात भलताच ग्रेन शिरतो, कारण सर्पिलाचं काम एक ग्रेन निवडायचं आहे, चांगला ग्रेन निवडायचं नव्हे. दिशेचा एवढा आग्रह का? ००१ दिशेत खोलीच्या तापमानाला स्थितिस्थापकता गुणांक सुमारे १३० गिगापास्कल असतो, तर १११ दिशेत (त्याच एककाच्या कर्णाच्या दिशेत) ३०० च्या वर. कमी गुणांक म्हणजे तापमानाच्या चढउतारात कमी ताण आणि जास्त थर्मल फटीग आयुष्य.

नेहमीच्या ब्रिजमन भट्टीत चिल प्लेटपासून काही सेंटिमीटर वर गेलं की उष्णता मुख्यतः किरणोत्सर्गानेच बाहेर पडते आणि जी घसरतो. लिक्विड मेटल कूलिंगमध्ये साचा वितळलेल्या कथिलात किंवा ॲल्युमिनियममध्ये बुडवतात, त्यामुळे ग्रेडियंट काही पटींनी वाढतो. कथिल २३२ अंशांना वितळतं, ॲल्युमिनियम ६६० ला. कथिल जास्त थंड ठेवता येतं, पण साच्याला तडा गेला तर ते पात्यात शिरतं आणि पातं बाद होतं. लांब पाती करायची असतील तर ही कटकट परवडते. लहान पात्यांसाठी मी तरी या फंदात पडणार नाही.

पायरी ६: सीमा बॅफलपाशी धरून ठेवा

गोठण्याची सीमा बॅफलच्या पातळीजवळ आणि शक्य तितकी आडवी हवी. गती जास्त झाली की सीमा खाली थंड भागात सरकते आणि खोलगट होते. कडा आधी थंड होतात, मधला भाग मागे राहतो. गती फार कमी असेल तर सीमा बॅफलच्या वर गरम भागात चढते आणि फुगीर होते. दोन्ही स्थितींत ग्रेडियंट पडतो आणि डेंड्राइट तिरके वाढतात.

सगळ्यात घातक जागा प्लॅटफॉर्मची. पात्याच्या सडपातळ भागातून सीमा वर येते आणि अचानक रुंद प्लॅटफॉर्म लागतो. त्याचं बाहेरचं टोक डेंड्राइट तिथे पोचायच्या आधीच लिक्विडसच्या खाली गेलेलं असतं. ही अतिशीतता केंद्रक जन्मण्याइतकी झाली की तिथे परका ग्रेन उगवतो. उपाय तीन: टोकाला उष्णतारोधक गुंडाळी, मुख्य क्रिस्टलपासून टोकापर्यंत नेणारी बारीक जोडवाट, किंवा सीमा प्लॅटफॉर्मशी येण्याच्या वेळी गती कमी करणं. तिसरा उपाय फुकटचा आहे, तो आधी करून बघा.

दुसरा दोष फ्रेकलचा. टंगस्टन आणि रेनियम गाभ्यात अडकल्यामुळे फांद्यांमधला द्रव वरच्या द्रवापेक्षा हलका होतो. तो वर उसळू पाहतो. गल्ल्या रुंद असतील तर उसळतोही, वाटेत फांद्या तोडतो आणि पृष्ठभागावर बारीक ग्रेनची उभी माळ सोडून जातो. हे डोळ्यांनी बघायचं असेल तर नवसागराचं गरम संपृक्त द्रावण पारदर्शक भांड्यात तळाकडून थंड करा. डेंड्राइटच्या जाळीतून वर उठणाऱ्या बारीक धारा स्पष्ट दिसतात. याच द्रावणावर कॉप्ली आणि सहकाऱ्यांनी १९७० मध्ये फ्रेकलची यंत्रणा दाखवली होती. जाळीची पारगम्यता प्राथमिक अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून इथेही इलाज तोच: ग्रेडियंट वाढवा, गल्ल्या अरुंद करा. मिश्रधातूच्या बाजूने टँटलम मदत करतं, कारण ते जड आहे आणि द्रवात राहून त्याचं वजन सावरतं.

पोकळ्यांबद्दल थोडक्यात. शेवटचा द्रव आकसताना त्याला पुरवठा करणाऱ्या वाटा बंद झालेल्या असतात. ग्रेडियंटला थंड होण्याच्या दराच्या वर्गमुळाने भागून येणारी नियामा संख्या जिथे कमी, तिथे पोकळ्या शोधा. हॉट आयसोस्टॅटिक प्रेसिंगने (गरम धातूवर सगळ्या बाजूंनी वायूचा दाब) आतल्या पोकळ्या बंद होतात. पृष्ठभागाला उघड्या असलेल्या होत नाहीत.

पायरी ७: नमुना कापा आणि मोजा

वाढीच्या दिशेला काटकोनात छेद घ्या. साधं पॉलिश आणि पाणी नसलेलं कॅलिंग द्रावण पुरतं: ५ ग्रॅम क्युप्रिक क्लोराइड, १०० मिलि हायड्रोक्लोरिक आम्ल, १०० मिलि इथेनॉल. काम फ्यूम हुडखाली, हातमोजे आणि चष्मा घालून. हे मिश्रण घट्ट झाकणाच्या बाटलीत साठवू नका.

मायक्रोस्कोपखाली चार पाकळ्यांचे क्रॉस दिसतील. प्रत्येक क्रॉस म्हणजे एक डेंड्राइट. ठरलेल्या क्षेत्रातले क्रॉस मोजा, क्षेत्र भागिले संख्या यांचं वर्गमूळ काढा, प्राथमिक अंतर हाती आलं. ४ चौरस मिलिमीटरमध्ये २५ क्रॉस असतील तर अंतर ०.४ मिमी, म्हणजे ४०० मायक्रॉन. रेषा टाकून दोन-चार अंतरं मोजण्यापेक्षा ही पद्धत कितीतरी भरवशाची आहे. सगळे क्रॉस एकाच कोनात वळलेले आहेत ना, हेही तेव्हाच बघून घ्या. एखादा पट्टा वेगळ्या कोनात दिसला तर तो परका ग्रेन आहे किंवा वाढताना फांदी वाकली आहे. ईबीएसडी (इलेक्ट्रॉन विवर्तनाने ग्रेनची दिशा मोजणं) केलं की नेमकं कळतं.

विभाजन मोजायला इलेक्ट्रॉन प्रोबने जाळीदार बिंदू घ्या. फक्त गाभा आणि गल्ली असे दोनच बिंदू घेऊन गुणोत्तर काढू नका. बिंदू युटेक्टिकवर पडला की गुणोत्तर वाटेल तसं उडतं.

पायरी ८: हीट ट्रीटमेंटचा वेळ अंतरावरून काढा

गाभा आणि गल्ली यांच्यातला फरक मिटवायला लागणारा वेळ अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. अंतर ४०० वरून २०० मायक्रॉनवर आणलं तर तोच परिणाम पाव वेळात मिळतो. ओतकामात ग्रेडियंटवर घेतलेली मेहनत इथे वसूल होते.

तापमान सरळ चढवता येत नाही. युटेक्टिकचा भाग सगळ्यात आधी वितळतो, म्हणून पायऱ्यापायऱ्यांनी चढायचं: आधीच्या टप्प्यावर थोडं विसरण होऊ द्यायचं, त्याने स्थानिक वितळबिंदू वर सरकतो, मग पुढचा टप्पा. सीएमएसएक्स-४ असाच १३२० अंशांच्या आसपास नेतात, नंतर साधारण ११४० आणि ८७० अंशांना एजिंग करतात (गॅमा प्राइमचे कण नीट वाढावेत म्हणून गरम ठेवतात). शेवटी गॅमा प्राइमचे अर्ध्या मायक्रॉनच्या आसपासचे घनाकृती कण, आकारमानाने जवळजवळ ७० टक्के. इनकोनेल ७१८ च्या कास्टिंगमध्ये लॅव्हस असेल तर ११५० ते ११८० च्या पट्ट्यात सुरुवातीचं वितळणं संभवतं, म्हणून आधी खालच्या तापमानाला लॅव्हस विरघळवावं लागतं. रेनियम मात्र शेवटपर्यंत पूर्ण पसरत नाही. गाभ्यात उरलेल्या जादा रेनियममुळे पुढे वापरात सुईसारख्या, ठिसूळ टीसीपी फेज तिथेच उगवतात.

पायरी ९: एक बदल, एक ओतकाम

दोष दिसला की सगळं एकदम बदलायचा मोह होतो. क्रम ठरवून घ्या. फ्रेकल असतील तर आधी बॅफलची फट आणि साच्याची जाडी. प्लॅटफॉर्मवर परका ग्रेन असेल तर त्या उंचीपुरती गती. अख्ख्या पात्यात डेंड्राइट तिरके असतील तर सीमेची जागा, म्हणजे पुन्हा थर्मोकपल. दिशाच चुकली असेल तर स्टार्टर ब्लॉक.

लेझर छपाईत हाच विचार वेगळ्या मापात करायचा. तिथे अंतर एका मायक्रॉनच्या आसपास किंवा खाली येतं, विभाजन नगण्य जागेत कोंडलं जातं आणि हीट ट्रीटमेंटला ते पटकन मिटवता येतं. पण गॅमा प्राइम जास्त असलेले मिश्रधातू तिथे तडकतात, कारण शेवटच्या द्रवाची पातळ पापुद्री ताणाखाली फाटते. रचना बारीक केली म्हणजे जिंकलो, असं तिथे नसतं.

नवं ओतकाम जुन्याशी ताडून बघताना नमुना दोन्ही पात्यांच्या त्याच उंचीवरून घ्या. चिल प्लेटपासून वर जाताना जी घसरतो आणि प्राथमिक अंतर आपोआप वाढतं. एका पात्याचा बुडाचा छेद आणि दुसऱ्याचा टोकाचा छेद शेजारी ठेवले तर जो फरक दिसेल तो उंचीचा असेल, तुमच्या बदलाचा नाही.